आगुंब्याला जाण्याआधी: झाडं, बेडूक आणि साप ओळखायचे कसे?

प्रश्न असा आहे. जांबोटीकडची एक मुलगी बेळगावात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते. येत्या जूनपासून दोन महिने ती आगुंब्याच्या पर्जन्यवन संशोधन केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाणार आहे. ती विचारते: "ताई, तिथं रोज याद्या करायच्या असतात म्हणे. मला गावातली पन्नासेक झाडं मराठीतून येतात, कन्नड कामापुरतं येतं, शास्त्रीय नावं डोक्यात राहत नाहीत. प्राण्यांचं तर काहीच येत नाही. जाण्याआधी काय पाठ करू? आणि अ‍ॅप कुठलं चांगलं?"

पाठ काही करू नकोस. पन्नास झाडं येतात हे भांडवल पुष्कळ आहे. पहिल्या दिवशी तिथं उतरणाऱ्या बऱ्याच जणांना पाचसुद्धा येत नाहीत. मी खानापूर तालुक्यात आणि खाली उत्तर कन्नड-शिमोग्याकडे मिळून बावीस वर्षं याद्याच करत आले. मुख्यतः झाडांच्या. बेडूक-सापांच्या नाइलाजाने, कारण झाडं मोजायला गेलं की ते पायात येतातच. एवढ्या वर्षांत जे कळलं ते एका वाक्यात बसतं: वहीत नाव सगळ्यात शेवटी लिहायचं, आधी जे दिसलं ते लिहायचं. नवखी मंडळी याच्या उलट करतात. नाव आठवलं की डोळे काम थांबवतात, आणि वहीत 'हिरडा' एवढा एकच शब्द उरतो. घरी आल्यावर शंका आली तर तपासणार कशावरून?

आगुंबे तीर्थहळ्ळी तालुक्यात आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये तिथं केंद्र उभं केलं, मुख्यतः नागराजाच्या (किंग कोब्राच्या) अभ्यासासाठी. कणकुंबी-चोर्ल्याचा पावसाळा अंगावर घेतलेल्या माणसाला त्या पावसाचं नवल वाटत नाही. जंगल मात्र वेगळं वाटेल. आपल्या भीमगडात सदाहरित रान दऱ्याखोऱ्यांतून, कड्यांच्या बाजूला अंजनी-जांभळाचं ठेंगणं रान, आणि लोंढा-नागरगाळीकडे गेलं की ऐन, किंजळ, नाण्याचं पानगळीचं. आगुंब्याला झाडं उंच, सावली दाट, आणि फुलं-फळं आली तरी डोक्यावर तीस मीटर. कॉलेजात आपण फूल फाडून, पाकळ्या मोजून कुळ ठरवायला शिकतो. जूनच्या पावसात तिथं फूल हाताला लागणार नाही. हाताला लागेल ते खोड, खाली पडलेलं पान, एखादी मोडकी डहाळी आणि चीक. म्हणून तिथूनच सुरू करू.

डहाळी हातात आली की आधी हे ठरव की हे अख्खं पान आहे की पानाचा तुकडा. देठाच्या बगलेत डोळा (बारीक कोंब) असेल तर ते अख्खं पान. नसेल तर ती संयुक्त पानाची पर्णिका. कढीपत्ता आठव. फोडणीत टाकताना आपण ज्याला पान म्हणतो ती पर्णिका असते, अख्खी काडी म्हणजे एक पान. हे एवढं साधं आहे, पण एम.एस्सी. झालेल्यांनाही मी इथं घसरताना पाहिलंय.

मग पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक ते लिही. जांभूळ, कोकम, अंजनी समोरासमोर. आंबा, फणस, रामपत्री एकाआड एक. एवढं एक टिपलंस तरी अर्धं जंगल बाद होतं. पानं समोरासमोर असतील तर दोन देठांच्या मधल्या जागेत काडीवर बारीक त्रिकोणी पापुद्रा आहे का बघ. असला तर बहुतेक कॉफीचं कुळ, ज्यात आपला गेळाही येतो. एकाआड एक पानं असून काडीभोवती प्रत्येक पेराला अंगठीसारखा वण असेल आणि पांढरा चीक येत असेल, तर वड-फणसाच्या कुळाकडे जा. पान उजेडाकडे धर. जांभळाच्या कुळात पानात सुईने टोचल्यासारखे असंख्य बारीक ठिपके दिसतात आणि कडेला समांतर एक शीर पळत असते. चुरगळून वास घे. दालचिनीच्या कुळात तो लगेच नाकात भरतो. दालचिनीच्या पानात तीन ठळक शिरा असतात, त्या बोटालासुद्धा कळतात. लिंबाच्या कुळातल्या पानाचा वास सांगायची गरजच नाही.

आता चीक. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पर्जन्यवनात माझा सगळ्यात जास्त भरवसा याच गोष्टीवर आहे.

माझ्याकडे एक जुनी वही आहे. पावसात शाई फुटली, अर्धी अक्षरं गेली. पण प्रत्येक झाडापुढे मी देठ मोडून तो कागदावर टेकवत असे, ते डाग आजही जसेच्या तसे आहेत. एक डाग हळदीसारखा पिवळा: गार्सिनिया, म्हणजे कोकमाचं खानदान. कोकम, उप्पगी, जंगलातले त्यांचे चुलतभाऊ सगळे पिवळा चीक देतात. एक डाग सुकलेल्या रक्तासारखा: जायफळाचं कुळ. आणि एक काळा कुळकुळीत, कागद जळावा तसा: बिब्ब्याचं, म्हणजे आंबा-काजूचंही कुळ. पूर्वी परीट कपड्यांवर खूण करायला बिब्बाच वापरायचे, त्यावरून समज. नाव खोडलं गेलं, पण डागावरून कुळ सांगता येतं.

त्या काळ्या डागाबरोबर एक गोष्ट पण आहे. चापोलीच्या वाटेवर एक झाड नुकतंच पडलं होतं. फाटलेल्या खोडावर मी बूड टेकून टिपणं लिहीत बसले. आमच्याबरोबर गावातले एक मामा असायचे, ते मागून आले आणि ओरडले, "बाई, तिथं काय टेकूलाय? उठा की आधी!" मी उठेपर्यंत कोपराला ओलं लागलं होतं, पाण्यासारखं, रंग नसलेलं. मामांनी लगेच खोबरेल चोळायला सांगितलं. मी हसले. दुसऱ्या दिवशी कोपर सुजला, फोड आले, आणि पंधरा दिवस मी बाही दुमडू शकले नाही. ते होळगेरू होतं, आपल्याकडचा रानबिबा, होलिगार्ना. चीक आधी पाण्यासारखा दिसतो आणि हवा लागली की काळा पडत जातो. त्याच्या देठावर दोन्ही बाजूंना मऊ काट्यासारखे दोन बारीक उंचवटे असतात. ते मला कुठल्या पाठ्यपुस्तकाने शिकवले नाहीत, त्या कोपराने शिकवले. आगुंब्यात होळगेरू भरपूर आहे. तेव्हा चीक बघायचा तो काडीने, बोटाने नाही. पडलेल्या ताज्या पानाचा, खोडाला कोयता मारून नाही. जिथं काळा डाग पडतो त्या झाडाखाली पावसात आडोशाला उभं राहू नकोस.

चिकावरून कुळ कळतं, त्याच्या पुढे जायला मात्र वेळ लागतो. लाल चीक दिसला की मी सुरुवातीला डोळे झाकून 'रामपत्री' लिहीत असे. नंतर कळलं की त्यातली निम्मी झाडं क्नीमा होती, जायफळाच्याच कुळातली दुसरी प्रजाती. चीक दोघांचा लाल. क्नीमाच्या पानाची खालची बाजू पांढुरकी, शिरा जवळजवळ आणि एकमेकींना समांतर, कोवळे भाग गंजासारखे तांबूस. फळ फुटलेलं सापडलं तर प्रश्नच मिटतो: क्नीमाची जायपत्री फक्त टोकाशी चिरलेली असते, रामपत्रीची पार तळापर्यंत. माझ्या जुन्या नोंदींत 'लाल चीक, पान खालून पांढुरकं' एवढंच लिहिलेलं असतं तर ती झाडं आज दुरुस्त करता आली असती. मी नाव लिहून मोकळी झाले होते, म्हणून ती सगळी पानं मला फेकावी लागली. आणि लाल चिकाची झाडं जर चिखलात, ओढ्याच्या दलदलीत, गुडघ्यासारखी मुळं वर काढून उभी दिसली, तर तिथं दबकत चाल. जायफळाच्या दलदली फार थोड्या उरल्यात. उत्तर कन्नडात कत्तलेकानला आहेत, गोव्यात आहेत, आणि आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात बांबर्डेलाही आहे.

सालीबद्दल एक इशारा. आपल्याकडे साल फार उपयोगी. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, नाण्याची पांढुरकी, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. लोंढ्याच्या रस्त्यावर चालत्या एसटीतून ओळखू येतात. आगुंब्यात त्याच सवयीने जाशील तर फसशील. तिथं सगळी खोडं शेवाळ, दगडफूल आणि नेच्यांनी मढलेली. लाल पालवीचंही तेच. सदाहरित रानात इतकी झाडं कोवळेपणी लाल पानं काढतात की ती खूण म्हणून कवडीमोल. आणि रोपांपासून जपून. पाटफणसाच्या रोपाचं पान खोल कातरलेलं असतं, मोठ्या झाडाचं साधं, अख्खं. आई आणि लेकरू दोन वेगळ्या झाडांची वाटावीत इतका फरक.

नावांकडे येऊ, कारण तुझी खरी धास्ती तीच आहे.

तुला तीन भाषांतली नावं येतात याची लाज वाटून घेऊ नकोस. केंद्रात ज्यांच्याकडून तू सगळ्यात जास्त शिकशील ती तिथली स्थानिक माणसं असणार, आणि ती कन्नडमधून बोलतील. ऐनाला ते मत्ती म्हणतील, नाण्याला नंदी, बिबल्याला होन्ने, कोकमाला मुरुगल. आपल्याकडे आमसूल म्हणतो, घाट उतरून गोव्यात गेलं की भिरंड. ही नावं वहीत एका ओळीत लिही, कोणी सांगितलं तेही लिही. पण नावांचे सापळे असतात. आपली गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या बीमधला गर, डिंकाच्या लाडवात घालतो तो. कन्नडमध्ये गोडंबी म्हणजे सरळ काजू. एका शिबिरात आमच्या एका सहकाऱ्याने 'गोडंबीचं झाड' असं ऐकून बिब्बा लिहिला, झाड होतं काजूचं. बिबला आणि बिब्बा यांत तर मराठीतल्या मराठीत घोळ: बिबल्याला लाल डिंक, बिब्ब्याला काळा चीक, नात्याने काही संबंध नाही. धूप हे तर अवघड नाव. एक धूप म्हणजे काळा धूप, कॅनेरियम, दुसरा व्हेटेरिया. दोघांची राळ जळते, दोघांना लोक धूपच म्हणतात. पण एकाचं पान संयुक्त, दुसऱ्याचं साधं. बगलेतला डोळा बघितलास की मिनिटात निकाल.

शास्त्रीय नावं पाठ होत नाहीत ना? आधी फक्त कुळं शीक. वीस-पंचवीस कुळं नीट आली की आगुंब्यातली बहुतेक झाडं कुठल्या ना कुठल्या कप्प्यात बसतात. मग प्रजाती. जातीपर्यंत पोचलीस तर छान, नाही पोचलीस तर 'गार्सिनिया, जात माहीत नाही' असं लिहायला कमीपणा मानू नकोस. मी अजून लिहिते. (एक आठवण: आपल्या पुस्तकी मराठीत प्रजाती वरची आणि जाती तिच्या आतली. वर्तमानपत्रं नेमकं उलट छापतात. वहीत एकच पद्धत ठेव.) आणखी एक फायद्याची गोष्ट. बेळगाव आणि उत्तर कन्नड पूर्वी मुंबई इलाख्यात होते. त्यामुळे थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात काढलेल्या इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात आपला मुलूख येतो. नावं बरीच बदलली आहेत, पण ओळखीच्या किल्ल्या आजही चालतात. कॉलेजच्या ग्रंथालयात प्रत असेल तर जाण्याआधी दोन दुपारी तिच्याबरोबर घालव. आगुंबे मात्र त्या इलाख्याच्या बाहेर, जुन्या म्हैसूर संस्थानातलं. तिकडची काही झाडं त्यात मिळणार नाहीत.

प्राण्यांचं. सस्तन प्राणी तू फारसे बघणार नाहीस, हे आधीच सांगून टाकते. शेकरू दिसेल, वानरं दिसतील, गवा रस्त्यात उभा राहील. बाकीचे चिखलात पाऊल आणि दगडावर विष्ठा ठेवून गेलेले असतील. मांजराच्या जातीचं पाऊल गोल, नखं उमटत नाहीत, मागच्या गादीची मागची कड तीन भागांची. कुत्र्याच्या पावलात नखं दिसतात. विष्ठेत केस असतील तर मांसाहारी, जांभळाच्या बिया आणि वाळवीची डोकी असतील तर बहुधा अस्वल, ओढ्याच्या खडकावर खेकड्याच्या कवचांचा चुरा असेल तर पाणमांजर. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेव. पट्टी नसेल तर काडेपेटी. फोटोत माप नसेल तर त्या फोटोचा काही उपयोग नाही.

पक्षी मुख्यतः कानाने ओळखायचे, आणि कानाला फसवणारा एक भामटा तिथं तुझी वाट बघतोय. माझ्या पहिल्या वर्षीच्या यादीत एका सकाळी, एकाच जागी उभं राहून, मी शिक्रा, सर्पगरुड, टकाचोर आणि मैना असे चार पक्षी नोंदवले. पाचव्या आवाजाला मान वर केली तर फांदीवर एकटा भृंगराज, शेपटीची दोन लांब पिसं हलवत बसलेला. चारही आवाज त्याचेच. तेव्हापासून मी 'ऐकला' आणि 'पाहिला' असे दोन रकाने ठेवते. पहाटे ओढ्याकडून एखादा गुराखी पोरगा सूर विसरत-आठवत शीळ घालतोय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर. हा एक आवाज मात्र एकदा ऐकला की चुकत नाही.

बेडकांसाठी डोळा सोडून दे, फोन वापर. झुडूपबेडकांच्या रंगावर जाऊ नकोस; एकाच जातीचे दोन बेडूक एक हिरवा, एक तपकिरी निघतात. नराचा आवाज जातीगणिक वेगळा असतो. रेकॉर्डिंग सुरू करून आधी स्वतः बोल: तारीख, वेळ, जागा, पाऊस आहे की नाही. मग दोन मिनिटं श्वास रोखल्यासारखी उभी राहा. जवळ गेलीस की तो गप्प होतो, आणि मग तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त तुझ्याच रेनकोटची सळसळ राहते. पाण्यावर झुकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा गोळा दिसला तर ते उडत्या बेडकाचं घरटं; खाली उभं राहून लोंबणारी फांदी ओढू नकोस, पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडायची असतात. आणि उत्तर कन्नडात एक रात्रबेडूक सापडला आहे, २०१४ मध्ये त्याला नाव मिळालं 'कुंबारा'. नर पुढच्या पायांनी चिखल उचलून अंड्यांवर लिंपतो. कन्नड कुंबार आणि मराठी कुंभार, दोन्हींकडे एकच. असं नाव पाठ करावं लागत नाही.

पावसात तुला गांडुळासारखं काहीतरी वाटेवर दिसेल. तिथं घाई करू नकोस, चार वेगवेगळे प्राणी असू शकतात. गांडूळ ताणतं आणि आखडतं, त्याला डोकं असं काही कळत नाही. देवगांडूळ हा उभयचर आहे, बेडकाचा नातेवाईक: अंगावर वळ्या, ओलसर गुळगुळीत, जबडा आहे, दात आहेत, डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये अगदी बारीक स्पर्शिका. वाळा हा साप: कोरडे चकचकीत खवले, डोळ्याच्या जागी ठिपका, मधूनच जीभ बाहेर. खापरखवल्याही साप, पण त्याची शेपटी तिरकी कापल्यासारखी, खडबडीत, आणि पोटाला बऱ्याचदा भडक रंग. पोरं चौघांनाही 'दुतोंड' म्हणून मोकळी होतात. यातल्या देवगांडुळाचं आपल्याला विशेष वाटायला हवं: आपल्याच चोर्ल्यातून एक जात २००७ मध्ये जगासमोर आली, आणि तिला म्हादईचं नाव दिलं आहे. ज्यांच्या परसात ती माती उपसली जाते त्यांना अजून ती गांडूळच वाटते.

साप. इथं मी ताईगिरी करणार. ओळख पटवण्यासाठी साप हातात घ्यायचा नाही, काठीने उलटायचा नाही, 'बिनविषारी आहे' असं कोणी म्हणालं तरी नाही. मलबारी चापडा एकाच झुडपात एक हिरवा, एक तपकिरी असा बसलेला मी पाहिलाय, तेव्हा रंगाने ओळखणं विसर. डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये खळगा, त्रिकोणी डोकं, बारीक मान. पावसाळ्यात तो त्याच फांदीवर दिवसचे दिवस बसून राहतो, म्हणून वाटेशेजारची ती फांदी ध्यानात ठेव आणि रात्री टॉर्च आधी तिच्यावर मार. पाचोळ्यात बसणारा त्याचा भाऊबंद, वर उचललेल्या नाकाचा छोटा तपकिरी, आगुंब्यात कॉमन आहे आणि बुटाजवळ असतानाही दिसत नाही. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेलं असतं. त्या छोट्यावर ते चालत नाही. हे लक्षात ठेवलंस की हात आपोआप खिशात राहतात.

नागराज दिसला तर नशीब. आणि दिसल्यावर वहीत काय लिहिशील? केंद्रातल्या जुन्या तक्त्यांवर 'ऑफिओफेगस हॅना' असेल. १८३६ पासून ते नाव चालत आलं. २०२४ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं की एक म्हणून ओळखला जाणारा नागराज चार जातींचा आहे, आणि आपल्या सह्याद्रीतली जात वेगळी: 'ऑफिओफेगस काळिंगा'. काळिंग हे कन्नड माणसाच्या तोंडचं नाव. हरणटोळ सापाचंही असंच २०२० मध्ये झालं, पश्चिम घाटातल्या एकाचे अनेक झाले. म्हणून म्हणते, नाव शेवटी. 'लांबी अंदाजे इतकी, फिकट पट्टे इतके, या बांधावर, या वेळी' अशी माझी १९ वर्षांपूर्वीची नोंद आजही चालते. नुसतं नाव लिहिलं असतं तर आज ते कुठल्या जातीचं हे मला देवालाच विचारावं लागलं असतं.

अ‍ॅपचं विचारलंस. आयनॅचरलिस्ट ठेव, पक्ष्यांच्या आवाजासाठी मर्लिन ठेव. दोन्ही वापर, पण कामाला लावलेल्या पोराप्रमाणे, मास्तराप्रमाणे नाही. पानाच्या फोटोवरून ते जे पहिलं नाव सांगतं त्यावर माझा विश्वास शून्य. फुलपाखरं आणि पक्ष्यांच्या बाबतीत बरंच बरं. पहिल्या नावाऐवजी ते सुचवतं त्या पाच-सहा नावांत समान काय आहे ते बघ. बहुधा कुळ बरोबर निघतं. फोटो एकाच झाडाचे किमान पाच: खोड, डहाळी, पानाची वरची बाजू, खालची बाजू, चीक. दुर्मिळ काही सापडलं तर अचूक जागा चारचौघांत टाकू नकोस. भीमगडाच्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळाचं उदाहरण घे. १९१३ मध्ये त्याला नाव मिळालं, नंतर कितीतरी वर्षं ते जगात तेवढ्या एकाच जागी सापडतं असं मानत होते. पुढे मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. अशा प्राण्याला बघायला गर्दी जमली की गुहाच रिकामी होते. नरक्याचंही तसंच, औषधासाठी त्याची लाकडं चोरटे नेतात. त्याचा नकाशा फुकट वाटू नये.

संकलनाचं एक. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली अभयारण्यातून पडलेलं पान उचलायलाही परवानगी लागते. केंद्राकडे कोणत्या जागेचा परवाना आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घे. जिथं परवाना असेल तिथं डहाळी वर्तमानपत्रात दाबायची. घरचे जुने 'तरुण भारत'चे गठ्ठे मी दरवर्षी नेते, त्याचा कागद पाणी चांगलं शोषतो. कागद रोज बदलायचा. आगुंब्याच्या जुलैत दोन दिवस आळस केलास की नमुन्याऐवजी बुरशीचा नमुना तयार.

तब्येतीचं थोडक्यात. जळवा लागणारच, त्याचा बाऊ करू नकोस. लांब मोजे घाल आणि त्यांवर तंबाखूचं पाणी मार. गोचीड मात्र गंभीर. माकडतापाची पहिली नोंद १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्याच क्यासनूरच्या जंगलात झाली, आणि अलीकडे तो सत्तरी-दोडामार्गापर्यंत आला आहे. मुख्य हंगाम हिवाळा-उन्हाळ्यात असतो, जूनमध्ये भीती कमी. तरी मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, केंद्रात सांगायचं, आणि ताप आला तर डॉक्टरला जंगलात होते हे आपणहून सांगायचं.

सामान: दहापट भिंग दोरीने गळ्यात, पेन्सिली (पेन नाही), दोन वह्या, प्लास्टिकच्या पिशव्या भरपूर. दुर्बीण केंद्रातली चालेल, उगाच घरच्यांना खर्चात पाडू नकोस.

आणि जाण्याआधी एक काम कर. घरामागचं एखादं झाड घे, ज्याचं नाव तुला पक्कं माहीत आहे. नाव न लिहिता, फळ-फूल न सांगता, पानभर वर्णन लिही: पान, डोळा, चीक, वास, साल, कुठं उभं आहे. मग ते आजीला वाचून दाखव. तिने झाड ओळखलं तर तीच वही घेऊन आगुंब्याच्या गाडीत बस. नाही ओळखलं तर काय राहिलं ते तीच सांगेल.